टिपणीसकाकांचं सेंतेन

आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, शाजी नावाचा केरळी माणूस बसतो. त्याला मल्याळम, हिंदी, अरबी, कामापुरती बंगाली आणि आणखी एक भाषा येते, जी जगात फक्त दोन माणसांना कळते. दुसरा माणूस म्हणजे आमचे टिपणीसकाका.

"शाजीभाई, दो सेंतेन साबुदाना देना. एक सेंतेन मूँगफली. और भेंडी आधा सेंतेन बस, अकेले आदमी को बहुत हुआ."

शाजी तोंडातून अक्षर न काढता मोजतो. एक सेंतेन म्हणजे तीनशे एकोणचाळीस ग्रॅम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी अरबी माप. इतकी वर्षं दुबईत राहून आपल्याला माहीत नाही याची थोडी लाजही वाटली आणि मी पण घाईघाईने म्हटलं, "मेरे को भी एक सेंतेन रवा." शाजीने माझ्याकडे असं पाहिलं की बस. "मॅडम, आप भी?" म्हणाला.

टिपणीसकाका बर दुबईत आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. एका इन्शुरन्स कंपनीत जहाजावर भिजलेल्या, फुटलेल्या, हरवलेल्या मालाचे क्लेम बघतात. बायको आणि मुलगा पुण्यात. मुलगा पाचवीत गेल्यावर शिक्षणासाठी दोघं परत गेले, ते गेलेच. आता मुलाला नोकरी लागली तरी काका इथेच. उंच, वाकलेले, घरातसुद्धा इन केलेला शर्ट, खिशाला नेहमी छोटी कात्री. कात्री कशाला ते पुढे सांगते.

आमच्या मराठी मंडळात काका सत्कार विभागाचे प्रमुख आहेत आणि मी खजिनदार. म्हणजे ते मागणार आणि मी नाही म्हणणार, असं आमचं जुनं आणि घट्ट नातं आहे. भारतातून गायक, लेखक, डॉक्टर, कुणीही पाहुणा इथल्या ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये कार्यक्रमाला आला की शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन त्याचा सत्कार करायचा, ही काकांची जबाबदारी. ती त्यांनी इतकी अंगाला लावून घेतली आहे की विचारू नका. शाल पांघरताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, पाहुण्याच्या डोळ्यांत बघायचं. नारळाची शेंडी पाहुण्याकडे. हार आमचे अध्यक्ष घालतात, पण ते हॉलच्या प्रवेशद्वाराशी चपला शोधत असले तरी काका त्यांना हाताला धरून स्टेजवर आणतात. "यल्ला यल्ला, चला लवकर, सत्कारमूर्ती उभ्या आहेत!"

शाल आणि नारळ यांचं ठीक होतं. घोडं अडायचं स्मृतिचिन्हापाशी.

मंडळाचं स्मृतिचिन्ह म्हणजे इथल्या जुन्या लाकडी जहाजाची प्रतिकृती. काचेच्या पेटीत, खाली लाल मखमल, पुढे पितळी पट्टी, पट्टीवर मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव आणि बारीक अक्षरांत पाहुण्याचं. वजनाला भारी, आकाराने अडनिडी. पहिल्या पाहुण्याला ती दिली आणि दुसऱ्या दिवशी वसईचा पास्कल ती काखोटीला मारून माझ्या दारात उभा राहिला. आमचे पाहुणे ज्या हॉटेलात उतरतात तिथे पास्कल हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला बायकामुलांसकट येतो.

"ताई, तुमचा पाहुणा बोट इसरला."

आम्ही पाहुण्याला फोन केला. ते म्हणाले, "अरेरे, राहिली का? असू दे, पुढच्या खेपेला नेईन." पुढची खेप काही आली नाही. मग दुसरा पाहुणा विसरला. तिसऱ्या बाईंनी तर बोटीवर ओला टॉवेल वाळत घातला होता.

यात त्यांची तरी काय चूक? दुबईहून निघालेल्या माणसाच्या सामानात खजूर असतात, चॉकलेटं असतात, आणि "एक छोटंसं पार्सल आहे, नेता का?" म्हणून ओळखीच्यांनी दिलेली चार छोटीशी पार्सलं असतात. त्यात जहाज कुठे बसवणार? मी खजिनदाराच्या डोक्याने विचार केला आणि नवीन बोट घेणं बंद केलं. तीच बोट, फक्त पट्टी नवी. जुनी पट्टी उचकटली तर लाकूड निघायचं, म्हणून नवी पट्टी जुनीवर चिकटवायची. एकाच बोटीने आम्ही अर्धा डझन थोर माणसांचा सत्कार केला. शेवटी शेवटी पट्ट्यांचा थर इतका जाड झाला की ताज्या पाहुण्याच्या नावामागून आदल्या पाहुण्याचं आडनाव डोकावायचं.

सगळं मंडळ या व्यवस्थेवर खूश होतं. काका सोडून. ते प्रत्येक वेळी पाहुणा विमानतळावर गेला की हॉटेलच्या लॉबीत जाऊन बसायचे. पास्कल खाली आला की विचारायचे, "नेली का रे?"

"नाय काका. शाल पण हितंच हाय."

मग बोट मांडीवर घेऊन टॅक्सीने घरी. एकदा मी त्यांना लिफ्टमध्ये तशा अवतारात गाठलं. गंमत करायची म्हणून म्हटलं, "काय काका, जहाज बंदराला लागलं वाटतं!" ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दिलेली वस्तू परत आली की देणाऱ्याने कुठे बघायचं हो?"

आता कात्रीचं सांगते. आपल्याकडे वाढदिवसाच्या भेटी पाहुणे गेल्यावर उघडतात, आणि बऱ्याच उघडतही नाहीत, तशाच पुढच्या वाढदिवसाला रवाना होतात. काकांना हे खपत नाही. ते कुणाच्याही घरी गेले आणि कोपऱ्यात रंगीत कागदात गुंडाळलेली वस्तू दिसली की बेचैन होतात. "उघडा! उघडा की! कुणी दिलंय? तुला दिलंय ना? मग उघड!" आणि खिशातली कात्री पुढे. आमच्या लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला त्यांनी केक कापायच्या आधी सगळ्या भेटी कापून ठेवल्या. त्यात एक डबा निघाला, ज्याच्या आत 'चि. रोहनला मुंजीनिमित्त' असं लिहिलेलं होतं. आणणारे जोशी दांपत्य त्यानंतर आमच्याकडे बरेच महिने आलं नाही. तेव्हापासून काका दाराशी दिसले की लेक आतून ओरडते, "मॉम, हाइड द गिफ्ट्स!"

अशा माणसाच्या आयुष्यात एक स्पॅनिश नाणं आलं.

झालं असं, की पास्कलच्या हॉटेलात लिलावाला निघालेली जुनी नाणी लोकांना बघायला म्हणून मांडली होती. पास्कल काकांना म्हणाला, "चला काका, फुकट हाय, एसी हाय." काका लग्नकार्याचा ब्लेझर घालून गेले. तिथे जाड काचेआड, काळ्या मखमलीवर ते बसलं होतं. चारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाने पाडून घेतलेलं सोन्याचं नाणं. शंभर मोहरांचं मिळून एकच, म्हणून त्याचं नाव सेंतेन. मध्यम पुरीएवढं, आणि वजन किती ते शाजीला विचारा. एका बाजूला मुकुट आणि ढाल, दुसऱ्या बाजूला क्रूस. पास्कल क्रूस बघून हात जोडून मोकळा झाला. काका मात्र हलेनात.

त्यांनी तिथल्या गोऱ्या पोरीला विचारलं, "मॅडम, धिस मच बिग कॉइन, हाऊ दे वेअर शॉपिंग?"

पोरीने सांगितलं की याने बाजार करायचाच नसतो. हे राजाने द्यायला पाडलेलं नाणं. कुणी मोठा सरदार, कुणी परदेशचा राजदूत, त्याला राजाने हातात द्यायचं. देण्याखेरीज या नाण्याला दुसरं काही कामच नाही.

काका सांगतात, हे ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. देण्याखेरीज काही कामच नाही! जगातलं सगळ्यात थोर स्मृतिचिन्ह समोर होतं.

"अँड व्हॉट इज नेम ऑफ दॅट पर्सन? हू टूक?"

"वी डोन्ट नो, सर."

इथे काकांचा चेहरा पडला. राजाचं नाव गोल फिरवून कोरलंय आणि ज्याला दिलं त्याचं नाव नाही? प्रदर्शन होतं तितके दिवस ते रोज गेले. काचेला नाक लावून बघायचे, काच धुरकट व्हायची, आणि पेशावरचा पठाण गार्ड येऊन पुसायचा. शेवटी गार्डनेच त्यांना एक कापड दिलं. "चाचा, खुद ही साफ कर लो."

त्या दिवसांत काका आमच्याकडे येऊन तासन्‌तास सेंतेनवर बोलायचे. मी पोळ्या लाटायची आणि ते ओट्याशी उभे.

"वहिनी, चारशे वर्षं! चारशे वर्षांत एकाही माणसाने ते हॉटेलात सोडलं नाही!"

"सोन्याचं आहे काका. तुम्ही बोट सोन्याची करा, बघा कशी नेतात."

"तिथेच चुकताय. सोन्याचं होतं तर वितळवलं का नाही? अडीअडचण आली नसेल? पोरीबाळींची लग्नं निघाली नसतील? बाकीची वितळवली लोकांनी, ती मुलगी सांगत होती. हे नाही वितळवलं. कारण कुणालातरी वाटलं, हे मला दिलंय. हे माझं आहे. द्यावं तर असं द्यावं!"

हे 'द्यावं तर असं' त्यांच्या तोंडात बसलं ते कायमचं. टॅक्सीवाल्याने सुटे परत दिले तरी, "द्यावं तर असं, हबीबी!"

मग मंडळाची मीटिंग झाली. त्या वर्षी विमलताई गायला येणार होत्या. नाट्यसंगीतातलं मोठं नाव, आडनाव सांगत नाही, तुम्ही ओळखाल. काकांनी उभं राहून जाहीर केलं की या वर्षी बोट नाही, सेंतेन. पितळेचं, वर सोन्याचं पाणी, वजन अस्सलइतकंच, आणि गोल फिरवून नाव कोरायचं ते पाहुण्याचं.

"आणि मंडळाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मागे. बारीक."

"खर्च?"

"साडेचारशे दिरहॅम."

"म्हणजे दहा हजार रुपये!" मी ओरडले. "काका, बोट आहे ना चांगली!"

बरीच वादावादी झाली. काका एरवी कुणाला उलट बोलत नाहीत, पण त्या दिवशी खाली बसेनात. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "ठीक आहे टिपणीस. हे शेवटचं. हेही जर हॉटेलात राहिलं, तर सत्कार विभाग खलास. पुढच्या वर्षीपासून मी आणि खजिनदार बघून घेऊ, बोट आहेच." काकांनी मान डोलावली. आणि हातातल्या कागदाची बारीक घडी घालत खाली बसले. शनिवार-रविवार त्या माणसाला दुसरं काय होतं? सत्कार विभाग गेला असता तर चौथ्या मजल्यावर टीव्ही आणि अर्धा सेंतेन भेंडी, एवढंच उरलं असतं. तरीसुद्धा मी अध्यक्षांच्या बाजूने हात वर केला, कारण हिशेब मला द्यायचा असतो.

मीना बाजारच्या मागच्या गल्लीत देव्हाऱ्याचं सामान बनवणारा एक बंगाली कारागीर आहे. काकांनी त्याला गाठलं. पहिली अडचण अशी, की पितळ सोन्यापेक्षा हलकं. वजन तेवढंच हवं तर जाडी दुपटीच्या वर गेली. काका म्हणाले, जाऊ दे. दुसरी अडचण, मध्ये ढालीच्या जागी विमलताईंचा चेहरा हवा होता, आणि कारागिराने जन्मात लक्ष्मीखेरीज बाई कोरलेली नव्हती. काकांनी त्याला फोटो दाखवला, यूट्यूबवर गाणं ऐकवलं. त्याने मनापासून ऐकलं आणि लक्ष्मीच कोरली. फक्त तिला चष्मा घातला.

"दिसतात ना विमलताई?" काकांनी मला विचारलं.

"चष्मा हुबेहूब आहे," मी म्हटलं.

कार्यक्रम उत्तम झाला. विमलताईंचं वय झालंय, पण आवाज लागला की समोरचा माणूस गप्प बसतो. सत्काराच्या वेळी काकांनी माइक घेतला. एरवी ते दोन वाक्यं बोलतात. त्या दिवशी त्यांनी स्पेनच्या राजापासून सुरुवात केली. पाण्याच्या चाकावर चालणारी टांकसाळ सांगितली, मुकुट सांगितला, सोनं सांगितलं, चारशे वर्षं सांगितली, आणि डबी उंच धरून म्हणाले, "ताई, तेच सेंतेन आज आम्ही तुमच्या हातात देतो आहोत!" मग त्यांनी डबी उघडली. दिव्याच्या झोतात ते असं काही झळकलं की पहिल्या रांगेतल्या बायका पुढे वाकल्या. विमलताईंनी ते हातात घेतलं, वजनाने हात खाली गेला, आणि त्यांनी पटकन दुसरा हात लावला. कुणीही 'पितळ' हा शब्द उच्चारला नव्हता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी विमलताई विमानतळावर गेल्या. काका सकाळपासून लॉबीत. मीही गेले, खोटं कशाला बोलू, मला बघायचंच होतं. पास्कल वर गेला तो बराच वेळ आला नाही. काकांनी त्याला फोनवरून पलंगाखाली बघायला लावलं, तिजोरीत बघायला लावलं, कचऱ्याचा डबा उलटा करायला लावला. शेवटी पास्कल घामाघूम होऊन खाली आला.

"शाल हाय, नारळ हाय. नाणं नाय."

"नाही?"

"नाय काका! गेलं! बाईनं नेलं!"

काका उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि त्यांनी पास्कलचे दोन्ही हात धरले. मग आम्ही तिघांनी त्या महागड्या लॉबीत चहा घेतला, आणि त्याचे पैसे मी मंडळाच्या खात्यातून दिले. माझ्या कारकिर्दीतला तेवढा एकच उधळा खर्च.

त्याच दुपारी माझा फोन वाजला. मुंबई विमानतळ.

"अगं, मी विमल बोलतेय. हे कस्टमवाले मला सोडत नाहीयेत. विचारतात, किती तोळे सोनं आणलंय."

"ताई, तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं! स्पेनच्या राजाचं आहे म्हटलं!"

मग एक अधिकारी फोनवर आला. बिल मागितलं. मी मोबाइलवरून पाठवलं. आता कारागिराने बिलावर लिहिलं होतं, 'गोल्ड कॉइन, बिग साइज, वन पीस'. अधिकारी एकदम मराठीत आला. "मॅडम, साडेचारशे दिरहॅममध्ये एवढं सोनं? मला पण दुकानाचा पत्ता द्या." मी त्याला मंडळ, सत्कार, बोट, टॉवेल, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, आम्ही घासून बघतो.

मी धावत चौथ्या मजल्यावर गेले. काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, घाबरतील.

"कुठे सापडलं त्यांना?" काकांनी विचारलं. "सूटकेसमध्ये की पर्समध्ये?"

"पर्समध्ये म्हणे. अहो पण काका, बाईंना अडवून ठेवलंय तिथे!"

"पर्समध्ये!" काका म्हणाले. डोळ्यांत पाणी. "वहिनी, जवळ ठेवलं होतं हो त्यांनी!"

तासाभराने विमलताईंच्या भाच्याचा मेसेज आला. घासलं, पितळ निघालं, सोडलं. बाईंकडून एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी हिशेबासाठी कमिटी आमच्या घरी जमली. अध्यक्ष आल्या आल्या म्हणाले, "टिपणीस, अभिनंदन. सोनं समजून नेलं त्यांनी. सोन्याची बोट दिली असती तर तीही नेली असती." सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण हे मीच आधी म्हटलं होतं. काका हसायचा प्रयत्न करत होते. "खरंय," म्हणाले. "मी पितळ म्हणायला हवं होतं. फसवणूक झाली त्यांची. आता टाकून दिलं असेल." आणि कपातला चहा तसाच ठेवून ते सत्कार विभागाची फाइल अध्यक्षांपुढे सरकवायला लागले.

तेवढ्यात फोन आला. विमलताई. मी स्पीकरवर घेतला, कारण माझे हात वड्यांच्या पिठात होते.

"कोण ते भाषणवाले गृहस्थ? आहेत का तिथे?"

काका खुर्चीतून उठले. फोनपुढे उभं राहून बोलायला लागले. "ताई, माझी चूक झाली. तुम्हाला फार मनस्ताप झाला. ते पितळ आहे हे मी—"

"ते कळलं मला. त्या मेल्यांनी कडेला खरवडलंय. तो कस्टमवाला पोरगा मला म्हणतो, आजी, पितळच आहे, इथेच ठेवून जाता का? म्हटलं, का म्हणून?"

"ताई, पाठवून द्या. मी कड नीट करून, पॉलिश करून—"

"काही पाठवत नाही," विमलताई म्हणाल्या. "घरात कपाटभर ट्रॉफ्या पडल्यात माझ्या. प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव हे एवढं, आणि माझी चिकटवलेली चिठ्ठी कधीच गळून पडलेली. ह्याच्यावर गोल फिरवून माझं नाव आहे. खोडायचं म्हटलं तरी खोडता यायचं नाही. बाई कोण कोरलीय देव जाणे, पण नाव माझं आहे. माझं आहे ते. मी देणार नाही."

आणि फोन ठेवला. त्या नेहमी असाच ठेवतात म्हणे.

अध्यक्षांनी ती फाइल हळूच परत काकांच्या बाजूला सरकवली आणि पुढच्या वर्षीच्या पाहुण्याचा विषय काढला. वडे झाले, हिशेब झाला, मंडळी गेली. काका मात्र जायचं नाव घेईनात. डायनिंग टेबलाशी बसून राहिले. मी नवा चहा टाकला.

"वहिनी," ते म्हणाले, "आमच्या पुण्याच्या घरात माळा आहे. मागच्या सुट्टीत वर पंखा शोधायला चढलो. तिथे सगळं होतं. मी दर वर्षी इथून नेलेलं. आमच्या अनयची रिमोटची गाडी, तो सहावीत होता तेव्हाची. हिच्यासाठीचा डिनर सेट, परफ्यूम, ब्लँकेटं. खोकीसुद्धा उघडलेली नाहीत. मी बांधलेल्या दोऱ्या तशाच."

"चांगलं म्हणून जपून ठेवलं असेल हो काका. आपल्या बायकांचं असंच असतं."

"तेच म्हणाली ती. इतकं चांगलं, वापरायला जीव होत नाही. खोटं नाही म्हणत ती, खरंच जपलंय. धूळसुद्धा पुसते." काकांनी कप दोन्ही हातांत धरला. "पण मी वर उभा होतो ना, तेव्हा खालून अनयने विचारलं, आई, बाबा वर काय करतायत? तर ती म्हणाली, त्यांचं सामान बघतायत. माझं सामान! इतकी वर्षं नेलं, वहिनी, आणि ते सगळं अजून माझंच आहे. कुणी घेतलंच नाही."

मी आयुष्यात या माणसाला खूप नाही म्हटलंय. शालीचे पैसे नाही, हाराचे नाही, नव्या बोटीचे नाही. त्या क्षणी त्याने अख्खं मंडळाचं खातं मागितलं असतं तरी मी सही केली असती. मला त्यांची इतकी माया वाटली की मी उगाच उठून ओटा पुसायला लागले, आधीच पुसलेला.

काकांनी चहा संपवला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि माझ्या फोनकडे बघत, जरा चाचरत म्हणाले, "विमलताईंना परत एकदा फोन लावता येईल का? म्हणजे, मला तसं काही बोलायचं नाहीये. फक्त म्हणायचं, ताई, ते नाणं पाठवून द्या."

"अहो, पण त्या पुन्हा नाहीच म्हणतील."

"हो ना," टिपणीसकाका म्हणाले आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसले. "लावा की."